दुरून लिहायची महालक्ष्म्यांची वही : घरचा सण आठवून, विचारून, मोजून उतरवण्याची रीत

भाद्रपद आला की घरच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. मुखवटे घासून ठेवलेले, साड्या नेसवताना, आरास, मग नैवेद्याचं ताट, मग निरोपाची खीर-कानवला. शे-दीडशे फोटो सहज येतात. त्यांतल्या एकाही फोटोवरून कळत नाही की घाटलं किती घट्ट असतं, धान्याच्या राशींत आधी गहू की आधी तांदूळ, किंवा धाकटीची साडी पहिल्यांदा का नेसवायची. हे सगळं ज्यांना ठाऊक आहे त्या बायका आता सत्तरीत आहेत. आणि ज्यांना पुढे लागणार आहे ती मंडळी पुण्यात, बंगळुरात, नाहीतर माझ्यासारखी जर्मनीत.

मी आमच्या घरची वही फोनवरून केली. नाशिकला जाऊन, सगळ्यांना समोर बसवून केली असती तर लवकर झाली असती असं वाटतं खरं, पण तसं नाही. सणाला गेलं की आपण पाहुणे असतो, आणि घरातल्यांना बोलायला वेळ नसतो. दुरून विचारताना प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावीच लागते. "हे बघ, असं" म्हणून हात दाखवून सुटता येत नाही.

वहीची कसोटी मी एकच ठेवली आहे : जिने आमचं घर कधी पाहिलं नाही अशा नव्या सुनेला किंवा भाचीला, फक्त ही वही हातात घेऊन, तीन दिवस पार पाडता आले पाहिजेत. "फार मजा यायची" या वाक्यावर कोणाला स्वयंपाक करता येत नाही. आणि माझा अनुभव असा की करण्याबद्दल विचारलं की आठवणी आपोआप येतात. आठवणींबद्दल विचारलं की माणसं निबंध सांगू लागतात.

एकच सण, एकच घर

"आपले सगळे सण" असा विषय घेऊ नका. गुढीपाडवा, चैत्रगौर, रामनवमी, दिवाळी एकदम धरलं की प्रत्येकाची दोन-दोन पानं होतात आणि काम थांबतं. एक सण घ्या. ज्यात जास्तीत जास्त माणसं कामाला लागतात तो घ्या. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात, म्हणून मी तो निवडला. तीन नक्षत्रांचे तीन दिवस : अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. सणाला स्वतःचीच रचना असली की वहीला वेगळी शोधावी लागत नाही.

घरही एकच. माझ्या आईच्या माहेरी खड्यांच्या गौरी, पाणवठ्यावरून आणायच्या. तीही रीत सुंदर आहे, पण ती दुसरी वही. दोन्ही एकात घातल्या तर पुढच्या पिढीच्या हाती तिसरीच, कोणाच्याच घरची नसलेली रीत पडेल.

काळही ठरवून टाका. आमच्या घराचे दोन काळ आहेत : गावातल्या वाड्यातला आणि नंतर गंगापूर रोडच्या फ्लॅटमधला. वाड्यात महालक्ष्म्या माजघरात बसायच्या, फ्लॅटमध्ये हॉलमध्ये बसतात आणि सोफा बेडरूममध्ये जातो. मी वाड्यातला सण मुख्य धरला आणि फ्लॅटमध्ये काय बदललं ते समासात लिहिलं.

कोणालाही विचारण्याआधी स्वतःचं लिहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि ती नंतर करता येत नाही. काकूने एकदा सांगितलं की महालक्ष्म्यांची पावलं ओट्यापासून काढायचे, की तुम्हालाही ती ओट्यापासूनच "आठवू" लागतात. ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळतं आणि मग वेगळं करता येत नाही. म्हणून पहिला फोन करायच्या आधी एक-दोन संध्याकाळी बसा आणि फक्त आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. तेही लहानपणी जिथून दिसायचं तिथूनच. मला मुखवटे कमी आठवतात. आठवतं ते टेबलाच्या उंचीवर असलेलं, म्हणजे साड्यांचे काठ, समोर बसवलेली बाळं, राशीतले सांडलेले गहू, आणि सोळा भाज्या चिरून झाल्यावर परातीखाली साचलेलं पाणी.

जे आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. ही प्रश्नचिन्हंच तुमची पुढच्या फोनची यादी.

घराचा नकाशा काढा

चित्रकला लागत नाही. चौकटी काढायच्या : ओटा, चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माळा, फडताळ, पाण्याचा हौद. मग तो फोटो काढून घरी पाठवा आणि एवढंच म्हणा, "बरोबर आहे का?"

चुकीच्या नकाशाइतकं माणसांना बोलतं करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. "अरे, जिना तिकडे नव्हता" इथून सुरू झालं की जिन्याखाली काय असायचं, तिथे महालक्ष्म्यांच्या कोठ्या, म्हणजे ज्यांवर मुखवटे बसवतात ती धडं, वर्षभर कशा उलट्या घालून ठेवत, त्यात एकदा मांजर व्यायली, सगळं ओळीने येतं. नकाशावर आकडे टाका आणि प्रत्येक आकड्यापुढे तिथे ठेवली जाणारी वस्तू लिहा : समया, पितळी डबे, पुरणयंत्र, चौरंग, मखराच्या काठ्या. नाशिकच्या घरांत तांब्या-पितळेची भांडी उदंड. भांडी बाजारातून कोणतं भांडं कोणाच्या लग्नात आलं हे त्यावर कोरलेल्या नावावरून कळतं, तेव्हा नावांचे फोटोही मागवा. आमच्या एका घंगाळावर पणजीचं माहेरचं नाव सापडलं, जे कोणालाच माहीत नव्हतं.

सालं लावणं

घरातल्या मोठ्यांना "कोणत्या साली?" असं विचारू नका, ते अंदाजाने काहीतरी सांगतात आणि मग त्यालाच धरून बसतात. खुंट्या द्या. नाशिककराला सर्वांत पक्की खुंटी सिंहस्थाची : १९८०, १९९१, २००३, २०१५. "हे सिंहस्थाच्या आधी की नंतर?" या प्रश्नाला उत्तर हटकून मिळतं, कारण त्या वर्षी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. दुसरी खुंटी पुराची. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं होतं हे इथे सगळ्यांना आठवतं. अलीकडचे २०१६ आणि २०१९ चे मोठे पूर ऑगस्टच्या सुरुवातीचे, म्हणजे गणपतीच्या महिनाभर आधीचे. तिसरी, बातम्यांची : किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपतं न आटोपतं तोच. गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या तो दिवस २१ सप्टेंबर १९९५.

फोटोमागे तारीख असेल आणि ती सणाशी जुळत नसेल तर घाईने खोटी ठरवू नका. २०२४ साली महालक्ष्म्या १० सप्टेंबरला आल्या, २०२५ ला ३१ ऑगस्टला. अधिक महिना येऊन गेला की सण पुढे सरकतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून गणपतीच १४ सप्टेंबरला. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात : २००६ आणि २०२५, दोन्ही साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. जुनी कालनिर्णयं कोणी जपून ठेवली असतील तर सोनंच. त्यांच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशेब असतो, आणि त्या आठवड्यात दूध किती वाढवलं यावरून पानाला माणसं किती होती ते काढता येतं.

फोन कसा करायचा

वेळ आधी ठरवा. सणाच्या आठवड्यात मुळीच नको, आणि पितृपक्षातही काही घरांत हा विषय नको वाटतो. दुपारचा चहा झाल्यावर, मालिका सुरू व्हायच्या आत, हा काळ सोन्याचा. जर्मनीतून उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, म्हणजे आपली जेवणाची सुट्टी तिथल्या चहाला गाठते. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. दमलेलं माणूस "हो, तसंच होतं" म्हणू लागतं, आणि ते उत्तर निरुपयोगी.

रेकॉर्ड करायचं असेल तर सांगून करा. जर्मनीत समोरच्याच्या संमतीशिवाय बोलणं टिपणं हा गुन्हाच आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी काकूला न सांगता काकूचा आवाज साठवणं बरं नव्हे. सोपी युक्ती म्हणजे फोन स्पीकरवर ठेवायचा आणि शेजारी दुसऱ्या फोनवर साधा व्हॉइस रेकॉर्डर लावायचा. पहिल्या वाक्यात तारीख, नाव, विषय स्वतःच बोलून टाका. फाइलचं नावही तसंच : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग "मोठी काकू, पुरण". म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

आता प्रश्न. "तेव्हा महालक्ष्म्या कशा व्हायच्या गं?" याला उत्तर येतं : "खूप छान व्हायच्या." संपलं. त्याऐवजी हात कुठे होता ते विचारा. आमच्या टिपणातला एक तुकडा जसाच्या तसा देतो.

"काकू, दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर गॅसवर पहिलं काय चढायचं?"
"गॅस कुठला, तेव्हा शेगडी आणि स्टो. पहिलं पाणी. सोवळ्यातल्यांच्या आंघोळीचं."
"मग?"
"मग डाळ. पण डाळ मी नाही चढवायची, ती सासूबाई. मला तीन वर्षं डाळीला हात लावू दिला नव्हता."
"मग तू काय करायचीस?"
"मी? नारळ खवायचे. बोटं सोलून निघायची. आणि पडवळ. पडवळाच्या कढीसाठी चकत्या एकसारख्या लागायच्या त्यांना, जाड झाली की परत."

एका प्रश्नातून शेगडी, सोवळं, सासू-सुनेचा मान आणि पडवळाची कढी आली. काकूला मी "सासू कशी होती?" विचारलं असतं तर "देवमाणूस" म्हणाली असती.

वस्तूवरून विचारा, क्रमावरून विचारा, आणि "कोणी?" हा शब्द सतत मधे टाका. केळीचे खांब कोणी आणले? भद्रकालीत भाजी घ्यायला कोण जायचं, आणि सोळा भाज्या पुऱ्या होत नसल्या तर सोळावी कुठली धरायचे? सराफ बाजारातून फुलं किती वाजता आणायचे? दारातून आत आणताना विचारतात, "कशाच्या पावलांनी आल्या?" आणि आणणारी म्हणते, "सोन्याच्या, रुप्याच्या, हळदी-कुंकवाच्या पावलांनी." आपल्या घरात हे विचारायचं कोण, आणि प्रत्येक खोलीत थांबून काय म्हणायचे? शब्द वदवून घ्या, सारांश नको. आमची आत्या हे म्हणून दाखवताना आपसूक उठून उभी राहिली, असं तिची नात मागून सांगत होती.

पुरुषांना विसरू नका. ते म्हणतील "आम्हाला काय माहीत", पण मखर, माळा, वायर, हंड्या, आणि कोठ्यांच्या जागी लोखंडी स्टँड कधी आणि कोणाकडून करून घेतले ते त्यांनाच माहीत असतं. आमच्या अण्णांना मी विचारलं, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी सकाळी कुठे असायचात?" तर ते म्हणाले, "मला भांडी बाजारात पाठवायचे, कल्हईला दिलेली पातेली आणायला. दरवर्षी तो माणूस उद्या ये म्हणायचा." कल्हई सणाच्या कामांत मोडते हे घरातल्या एकाही बाईने सांगितलं नव्हतं.

घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा. भांडी कोणती निघायची आणि किती निघायची, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मापं

इथे वेळ घालवा. बाकी सगळं हुकलं तरी चालेल, पण "अंदाजाने" हा शब्द वहीत राहता कामा नये.

जुन्या बायका धान्य मापाने सांगतात, वजनाने नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. पायलीचे किलो किती, असं विचारून एकच आकडा लिहू नका. माप आकारमानाचं आहे, त्यामुळे गव्हाचं वजन वेगळं, डाळीचं वेगळं, पोह्यांचं तर फारच वेगळं. घरात जुनं मापटं असेल तर त्यात तोच जिन्नस भरून वजनकाट्यावर ठेवायला सांगा.

मुठीचं आणि चिमटीचं माप काढायची युक्ती अशी : स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काकूच्या ओट्यावर ठेवायचा. डब्याचं वजन आधी घ्यायचं, मग काकूला नेहमीसारखं हवं तेवढं घेऊ द्यायचं, मग डब्याचं वजन पुन्हा. फरक म्हणजे तिची मूठ. तिला "वीस ग्रॅम घे" सांगू नका, हात अवघडतो आणि पदार्थ बिघडतो. हे काम भाचा-भाचीकडे द्या. त्यांना यात फार गंमत वाटते, आणि नकळत ती पुरण शिकतात.

आमच्याकडच्या पुरणात डाळीइतकाच गूळ, मापाने. पण खरी नोंद प्रमाणाची नाही, खुणेची आहे : डाळ बोटांनी चेपल्यावर कणी राहता कामा नये, कट काढून घ्यायचा, गूळ घातला की पुरण आधी सैल होतं आणि मग आळतं, आणि डाव उभा राहिला की उतरवायचं. वाटायचं गरम असतानाच. गार झालं की पुरणयंत्राचं हँडल फिरत नाही. पुरणाच्या दिव्यांसाठी हेच पुरण थोडं घट्ट हवं, नाहीतर वात लावल्यावर दिवा बसतो. प्रत्येक पदार्थाला अशी खूण विचारा : कसं दिसलं, कसा आवाज आला, कसा वास आला की झालं?

भांडणं आणि गाळलेल्या जागा

मोठी काकू म्हणते पहिल्या संध्याकाळी भाजी-भाकरी, आत्या म्हणते छे, घावन-घाटलं पहिल्या दिवशीच. दोघी ठाम. अशा वेळी निकाल लावू नका. दोघींचं, नावासकट, लिहून ठेवा. पुष्कळदा दोघी बरोबर असतात : आत्या लग्न होऊन गेली त्यानंतर काहीतरी बदललेलं असतं, आणि कशामुळे बदललं हे शोधणं वहीतलं सर्वांत रंजक काम. जमलं तर दोघींना एका कॉलवर घ्या आणि आपण गप्प बसा.

दुसऱ्या गाळलेल्या जागा जास्त अवघड. सवाष्ण म्हणून पानावर कोण बसायचं, हे सगळे सांगतात. कोण बसत नसे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. नवरा गेल्यावर धाकट्या आजीने पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला, पण हळदी-कुंकवाला ती आतल्या खोलीत असायची. बाजूला बसलेल्या सुना, सणाच्या दिवशी पाळी आली म्हणून शेजारी पाठवलेली मुलगी, हे सुद्धा आमच्या महालक्ष्म्यांत होतं. मी ते लिहिलं आहे. घरातल्या काहींना नको होतं. माझं म्हणणं एवढंच की ती बाई वहीतूनही आतल्या खोलीत जाऊ नये. मात्र जी हयात आहे तिला आधी विचारा, आणि ती नको म्हणाली तर ते पान काढून टाका. तो हक्क तिचा, वही लिहिणाऱ्याचा नाही.

घराबाहेरचा सण

महालक्ष्म्या घरातला सण, पण तुम्ही दुसरा निवडला असेल तर नाशिकमध्ये तो निम्मा रस्त्यावर असतो. इथे रंग धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, जमिनीतले चौकोनी हौद, वर्षभर बुजवलेले, त्या दिवशी पूजा करून उघडतात. शनी चौकातल्या रहाडीचा रंग गुलाबी, तिवंधा चौकातल्या रहाडीचा पिवळा. धुळवडीला देव्हाऱ्यातले वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, घेऊन वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जातात. चैत्रात कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात, आणि रामरथ नदी ओलांडत नाही.

हे सगळं वर्तमानपत्रांत दरवर्षी येतं. वहीत ते पुन्हा उतरवून काढायची गरज नाही, दोन ओळी पुरेत. वहीत हवं ते असं : आपल्या घरातलं कोण रहाडीत उडी मारायचं आणि कोणाला घरातून परवानगी नव्हती? पिवळे झालेले कपडे कुठे वाळायचे? रथ बघायला कोणाच्या ओट्यावर, कोणाच्या गॅलरीत उभं राहायचं, आणि त्या घरच्यांनी काय प्यायला दिलं? मुली आणि बायका तेव्हा कुठे होत्या? शेवटचा प्रश्न प्रत्येक सार्वजनिक सणाला विचाराच.

फोटो

थोडक्यात सांगतो, कारण यावर माहिती भरपूर मिळते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयवर. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, ऊन थेट न पडता, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी वरून समांतर धरून. मागची बाजूही टिपा. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेन पुढून उमटतं. लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर हे काम आधी करा, टेप दरवर्षी खराब होत जाते.

फोटो ग्रुपवर टाकून "हे कोण?" असं विचारू नका, पन्नास जण अंगठा दाखवतील. एका माणसाला एकच फोटो पाठवा आणि विचारा, "डावीकडून तिसरी कोण, आणि तिच्या हातात काय आहे?"

लिहून काढणं

सगळं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवत बसाल तर दोन वर्षं जातील. ऐकताना वेळेचा आकडा आणि एका ओळीत विषय लिहा, आणि जिथे बोलणं अस्सल आहे तेवढाच भाग शब्दशः. मोबाइलवरचं मराठी व्हॉइस टायपिंग आता कामापुरतं चांगलं आहे, पण आजीच्या वयाच्या बोलण्याला ते अडखळतं. अशा वेळी आपण ऐकून आपल्या तोंडाने पुन्हा बोलायचं.

पुस्तकी भाषा करू नका. आजी "स्टो" म्हणाली तर स्टो.

मांडणी दिवसाप्रमाणे, आणि दिवसात पहाटेपासून रात्रीपर्यंत. पाककृती मागे वेगळ्या टाकू नका. घाटल्याची कृती ज्या वेळी घाटलं होतं त्या जागीच हवी, म्हणजे एका शेगडीवर काय चालू असताना दुसरीवर काय, हे कळतं. सुरुवातीला एक पान "आठ दिवस आधी" म्हणून ठेवा : कोठ्या धुणं, मुखवटे चिंचेने घासणं, फुलोऱ्याचं तळण, सोळा गाठींचे दोरे, सवाष्णींना सांगणं. नवखा माणूस इथेच अडकतो.

वहीवरून सण करून पाहा

वही पुरी झाली असं वाटलं की परक्या स्वयंपाकघरात, फोन न लावता, तिच्यावरून एक दिवस पार पाडा. पूर्ण तीन दिवस नाही जमणार. ज्येष्ठेचा एक दिवस करा. अडाल तिथे समासात फुली मारा. माझ्या फुल्या बहुतेक अशा जागी होत्या जिथे सांगणारीला गोष्ट इतकी उघड वाटली की तिने सांगितलीच नाही : राशीवर उभं करताना आधार मागून द्यायचा, नैवेद्य दाखवल्यावर दार लोटून घ्यायचं आणि किती वेळ, दिव्यांची आरती झाल्यावर ते पुरणाचे दिवे खायचे कोणी.

युरोपात राहणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. नाशिकहून येताना तूप, पेढे, खवा आणू नका; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, बहुतेक फळं यांनाही वनस्पती-प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी आणि खजूर मात्र चालतात. केळीची पानं आशियाई दुकानात फ्रीजरमध्ये मिळतात, चिरतात फार, म्हणून पूर्ण वितळल्यावरच उघडा. अंबाडी मिळाली नाही तर इथल्या बाजारातला चुका चालवून घ्या आणि वहीत तसं लिहा. धूप-कापूर खिडकी उघडून. भाड्याच्या घरातला धुराचा अलार्म आरतीच्या मध्यावरच वाजतो. मुखवटे केबिनच्या बॅगेत, साडीत गुंडाळून.

दिवस कुठला धरायचा? नक्षत्र लागण्याचा क्षण सगळीकडे एकच, पण घड्याळ वेगळं, त्यामुळे तुमच्या गावी पंचांगाचा दिवस कधीकधी सरकतो. काही जण स्थानिक पंचांग काढतात. आम्ही नाशिकचीच तारीख धरतो, कारण नैवेद्याच्या वेळी व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची पानं वाढलेली असावीत अशी मोठ्या काकूची अट आहे. तुमच्या घरातल्या थोरल्या बाईला विचारा आणि तिचं म्हणणं पहिल्या पानावर लिहा, म्हणजे दरवर्षी तोच वाद नको.

फुल्या भरून झाल्या की छापून घ्या. अक्षर मोठं ठेवा, डावं पान कोरं सोडा, स्पायरल बाइंडिंग करा म्हणजे ओट्यावर उघडी राहते. एक प्रत नाशिकच्या घरी, एक आत्याकडे, आणि डिजिटल प्रत निदान दोन वेगळ्या घरांतल्या दोन माणसांकडे, नुसती एका फोनवर नाही. प्रतींबरोबर पेनही पाठवा. आमच्या घरच्या प्रतीत कोऱ्या पानांवर काकूने लाल शाईने दुरुस्त्या केल्या आहेत, त्या दुरुस्त्यांखाली आत्याने निळ्या शाईने आपल्या, आणि पडवळाच्या चकत्यांची जाडी अजून ठरलेली नाही.